थर्टी-ओ-सिक्सची हलकी गोळी

अण्णा,

रविवारी सकाळी आई विळी घेऊन रावस कापायला बसली की तुम्ही तिच्यासमोर स्टूल ओढायचात आणि हातातल्या पेन्सिलीने त्या माशाच्या अंगावर गोळी कुठे लागली पाहिजे ते तिला दाखवायचात. "हा खांदा धर. ह्याच्या मागे चार बोटं. इथे बसली की जनावर दोन उड्यांत खाली." आई मान वर न करता म्हणायची, "अहो, हा रावस आहे. सांबर नव्हे. सरका मागे, लेंग्यावर रक्त उडेल." तुम्ही सरकायचात, पण पेन्सील काही सरकायची नाही. मी उंबऱ्यावर बसून शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांना पांढरं लावत असायची. गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत मासळीचा वास, ओल्या खडूचा वास आणि तुमच्या बोटांना सुट्टीच्या दिवशीही येणारा बंदुकीच्या तेलाचा वास असे तिन्ही एकत्र असायचे. आज सदुसष्टाव्या वर्षी मासळीवाली दारात आली की मला अजून तो तिसरा वास आठवतो, आणि काहीतरी कमी आहे असं वाटून मी उगाच तिच्याशी घासाघीस करते.

तुम्ही फोर्टातल्या एका बंदुकांच्या दुकानात काउंटरवर होतात. आयुष्यात एकाही जनावरावर तुम्ही गोळी झाडली नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं. तुमचं सगळं ज्ञान गिऱ्हाइकांकडून आलेलं. शिकार करून आलेली माणसं काउंटरवर कोपर टेकून गोष्टी सांगायची, आणि तुम्ही त्यातली फुशारकी बाजूला काढून उरलेलं लक्षात ठेवायचात. कोणती गोळी कुठे लागली, जनावर किती पावलं गेलं, जखम कशी होती. वीस वर्षांत तुमच्याकडे इतकं साठलं की मोठमोठे लोक नवी रायफल घेण्याआधी "त्यांना विचारा" म्हणून तुमच्याकडे बोट दाखवायचे. शेठसुद्धा. घरात तर आईने तुमच्या आवडत्या काडतुसाची रिकामी पितळी नळी देवापुढे उदबत्ती खोचायला ठेवली होती. दर सोमवारी ती चिंच लावून नळी घासायची.

ते आवडतं काडतूस म्हणजे थर्टी-ओ-सिक्स. अमेरिकेचं. आणि त्याचे आपल्या घरातले एकमेव शत्रू म्हणजे डिलाईल रोडचे काका. तुमच्याच गावचे, तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. रविवारी ते आले की स्वयंपाकघरात पाट मांडला जायचा आणि भांडण सुरू. त्या वर्षी भांडणाला कारणही होतं. गावचे खोत नवी रायफल घेणार होते. रानडुकरांनी वरकस जमिनीतली नाचणी आणि घरामागची कंदमुळं उकरून टाकली होती. खोतांची नजर अधू झालेली, म्हणून परवान्यावर काकांचं नाव चढवलेलं होतं. शिमग्याला गाव पारधीला निघायचा तेव्हा बंदूक काकांच्या हातात असायची. कोणत्या काडतुसाची रायफल घ्यायची ते मुंबईहून विचारून ये, असं खोतांनी त्यांना सांगितलं होतं. काकांना हवी होती थ्री-फिफ्टीन. आपल्याकडेच बनणारं ते काडतूस, गोळी जड आणि सावकाश.

"वेग बघ, वेग," तुम्ही म्हणायचात. "दोनशे यार्डांवर तुझी थ्री-फिफ्टीन हातभर खाली येते. ही सुतात जाते."

"दोनशे यार्ड? अरे मेल्या, आपल्या रानात दोनशे यार्ड खंय दिसतत? करवंदीच्या जाळीत वीस पावलार डुकर नाकार येता. वेग घेऊन काय करतलंस? डुकर काय विमान आसा?"

"वेगाने मार बसतो रे. शास्त्र आहे ते."

"शास्त्र तुझ्या शेठाक सांग. डुकराच्या खांद्यार ढाल असता, चार बोटां जाड. ती फोडूक जड गोळी व्हयी."

"तुम्हा दोघांच्या भांडणात ते डुक्कर म्हातारं होऊन मरेल," आई चुलीपुढून म्हणायची, आणि तुम्ही दोघं एकदमच हसायचात. पण तुम्ही मागे हटायचा नाहीत. मला तेव्हा वाटायचं की काका नुसते हट्टी आहेत. माझे वडील फोर्टात काम करतात, अमेरिकेच्या गोष्टी त्यांना माहीत आहेत, आणि काका दिवसभर साच्यावर उभे राहतात, एवढंच मला दिसायचं.

मग तुम्हाला एका गिऱ्हाइकाने तो कॅटलॉग दिला. परदेशातून आणलेला, गुळगुळीत कागदाचा, पानापानावर काडतुसांची चित्रं आणि आकड्यांचे तक्ते. तुम्हाला इंग्रजी आकडे कळायचे, अक्षरंही लागायची, पण वाक्य लागायचं नाही. हे दुकानात कोणाला ठाऊक नव्हतं. घरी आम्हाला ठाऊक होतं आणि ते आम्ही बोलत नव्हतो. मी आठवीत होते, नन्सच्या शाळेत. तुम्ही चाळीत सगळ्यांना सांगायचात, "आमची पोरगी इंग्रजीत स्वप्नं बघते." त्या रविवारी तुम्ही मला बूट ठेवायला लावलेत, हात धुऊन यायला सांगितलंत, आणि काकांच्या समोर मला पाटावर बसवून कॅटलॉग माझ्या मांडीवर ठेवलात. दुकानात त्या वेळी थर्टी-ओ-सिक्सची फक्त हलकी गोळीच शिल्लक होती, जड गोळी मागवावी लागली असती. तुम्हाला एवढंच हवं होतं की ही हलकी गोळी डुकराला चालेल का.

"वाच गो बाय," काका म्हणाले. "तुझ्या बापाशीक गप कर एकदाचो."

मी तक्ता वाचला. शंभर यार्डांवर वेग किती, दोनशेवर किती, जोर किती. तुम्ही प्रत्येक आकड्याला मान डोलावत होतात आणि काकांकडे बघत होतात. मला फार छान वाटत होतं. आई लाटणं थांबवून ऐकत होती. तक्ता संपला आणि तुम्ही बोट खाली नेलंत. तक्त्याखाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. "आणि हे काय गं, खाली?"

मी त्या ओळी मनातल्या मनात वाचल्या. त्यातले दोन-तीन शब्द मला येत नव्हते. "ह्याचं मराठी मला येत नाही, अण्णा" एवढं म्हणायला काय हरकत होती? पण तुम्ही काकांकडे असे बघत होतात, काका माझ्याकडे असे बघत होते, आणि मी सगळ्या चाळीत एकटीच कॉन्व्हेंटात जाणारी. मी कॅटलॉग मिटला आणि म्हणाले, "खाली काही नाही. जाहिरात आहे."

"बघ!" तुम्ही काकांच्या मांडीवर थाप मारलीत. काका हसले, कान पकडले, म्हणाले, "तुझ्या चेडवाच्या पुढे माझां काय चालतला?" आणि त्यांनी खोतांना थर्टी-ओ-सिक्सच घ्यायला सांगितली. काडतुसांच्या दोन डब्या तुम्ही स्वतः दुकानातून त्यांच्या परवान्यावर नोंदवून दिल्यात.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मी ते आजवर कधी लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. शिमग्याला रान उठवणारा हाका सुरू झाला. डुक्कर काकांच्या वाटेवर आलं, वीस पावलांवर, ते म्हणायचे तसंच. काकांनी गोळी खांद्यावर बरोबर मारली. ती कातडीखालच्या ढालीत फुटली आणि तिथेच तिचे तुकडे झाले. डुक्कर पडलं नाही, तसंच पुढे आलं, आणि त्याने काकांची उजवी मांडी गुडघ्यापासून वर फाडली. गावकऱ्यांनी त्यांना डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. परळच्या इस्पितळात ते दोन महिने होते. पाय राहिला, पण त्या पायावर साच्यापुढे पाळीभर उभं राहणं संपलं. पुढे शिवडीच्या एका गोदामावर ते रखवालदार झाले, स्टुलावर बसून.

इस्पितळात तुम्ही मला घेऊन गेला होतात. काका उशीला टेकून बसले होते, चेहरा पिठासारखा. तुम्हाला बघून म्हणाले, "अरे, डुकर विमानापेक्षा वेगान इला रे." वॉर्डातले दोघं-तिघं हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्यांच्या पायथ्याशी बसून चादरीची घडी सारखी करत राहिलात, आणि म्हणालात, "गोळी मी दिली." काका म्हणाले, "दिलस तर दिलस. मी काय पोर होतंय?" मी खिडकीशी उभी होते, अण्णा. शाळेच्या गणवेशात. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ते मी गिळलं, आणि काकांसाठी आणलेल्या मोसंबीची साल काढायला घेतली.

घरी आल्यावर तुम्ही देवापुढची नळी काढून टाकलीत. दुसऱ्या दिवशी आईने उदबत्ती केळ्यात खोचली. आणि मग तुम्ही कॅटलॉग शोधायला लागलात. मला माहीत होतं तुम्ही तो कोणाकडून तरी वाचून घेणार. तुम्हाला बघायचं होतं की चूक तुमची होती की काडतुसाची. तो तुम्हाला कपाटावर सापडला, पण ते पान त्यात नव्हतं. "अगं, ह्यातलं एक पान कुठे गेलं?" मी म्हणाले, "मला काय माहीत?" ते पान माझ्या भूगोलाच्या नकाशांच्या पुस्तकात होतं. इस्पितळातून आलो त्याच संध्याकाळी मी ते फाडलं होतं. पहिल्या वेळी माझी जीभ अडली होती असं म्हणता येईल. ह्या वेळी मी हाताने केलं.

त्यानंतर काही महिन्यांनी आईने मला तुमचा विसरलेला चष्मा द्यायला दुकानात पाठवलं. मी दारात होते तेव्हा एक सुटाबुटातले गृहस्थ तुम्हाला विचारत होते की अस्वलासाठी काय घ्यावं. पूर्वी अशा प्रश्नाला तुम्ही आधी खुर्ची द्यायचात. तुम्ही डबी त्यांच्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "डबीवर लिहिलेलं आहे, साहेब. वाचून घ्या." ते म्हणाले, "ते वाचलं हो. तुमचं मत काय?" आणि तुम्ही, सगळ्यांसमोर, शेठसमोर, म्हणालात, "मला इंग्रजी येत नाही." शेठने मान वर करून बघितलं. मी चष्मा काउंटरच्या कोपऱ्यावर ठेवला आणि तुमच्याशी न बोलता बाहेर आले. हुतात्मा चौकापर्यंत पळत आले. पुढे शिकारबंदीचा कायदा आला, दुकानातली वर्दळ आटली, आणि शेठने तुम्हाला मागच्या गोदामात टाकलं. तिथे तुम्हाला कोणी काही विचारायला येत नसे. लोक म्हणायचे कायद्यामुळे. तुम्ही गप्प झालात ते कायद्याच्या आधीच, हे घरात फक्त मला माहीत होतं.

आमच्या वर्गातल्या ख्रिश्चन मुली शुक्रवारी रांगेने चॅपेलमध्ये जायच्या आणि कबुली देऊन पाच मिनिटांत हसत बाहेर यायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. एकदा मी सिस्टरना विचारलंही की हिंदू मुलीला आत जाता येईल का. त्या म्हणाल्या, "तू तुझ्या आईवडिलांना सांग, बाळ. तेवढं पुरतं." तेवढंच तर जमत नव्हतं.

मी अकरावी पास झाले तेव्हा तुम्ही मला जाड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणून दिलात. कव्हर घालून, आत काहीही न लिहिता. म्हणालात, "अडलं की बघायचं. चार माणसांसमोर बघितलं तरी चालतं." एवढंच. तुमच्या आवाजात राग नव्हता. मी वाकून नमस्कार केला आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात जरा जास्त वेळ ठेवलात, किंवा मला तसं वाटलं. तुम्हाला कळलं होतं का, अण्णा? पन्नास वर्षं मी त्या वाक्याची दोन्ही बाजूंनी परीक्षा करते आहे. कळलं असेल तर तुम्ही मला वाचवण्यासाठी काकांसमोर आणि दुकानासमोर दोष स्वतःवर ठेवून घेतलात. कळलं नसेल तर तुम्ही तो खराच मानून गेलात. ह्या दोहोंतलं मला कुठलं सोसेल ते अजून ठरत नाही. सहा वर्षांनी तुम्ही गेलात. शेवटच्या आजारात काका लंगडत रोज यायचे, तुमचे पाय चेपायचे. त्यांनी दुसऱ्या कशाचीही गोष्ट काढली, काडतुसाची कधी नाही.

काका गेल्या महिन्यात गेले. नव्वदी ओलांडली होती. त्यांच्या चाळीच्या जागी टॉवर झाला आहे, चौदाव्या मजल्यावर तेरावं होतं. जेवणं चालू असताना त्यांच्या नातीने माझी ओळख करून दिली, हसतच, अगदी सहज: "आजोबांना चुकीची गोळी दिली ना, ते ह्यांचे वडील." काकांच्या मुलीने तिला गप्प केलं. माझ्याच वयाची ती, लहानपणी आम्ही एका ताटात जेवलेल्या. ती माझ्या पानात खीर वाढत म्हणाली, "तू मनावर घेऊ नको गं. देवमाणूस होते तुझे अण्णा. इंग्रजी येत नव्हतं बिचाऱ्यांना, त्यांचा काय दोष?" बिचाऱ्यांना. मी खीर खाल्ली, अण्णा. वाटी पुसून खाल्ली. आणि तिला म्हणाले, वेलची छान लागली आहे.

त्या दिवसापासून ते पान माझ्या टेबलावर आहे. नातवाने मला इंटरनेटवर दाखवलं, अमेरिकेत अजूनही लोक ह्याच काडतुसावरून भांडतात, पानंच्या पानं. जड गोळी असेल तर ते डुकराला उत्तम, असं बहुतेक सगळे म्हणतात. म्हणजे तुम्ही चुकला नव्हतात. काकाही चुकले नव्हते. मधे फक्त चार ओळी होत्या. त्या आता वाचते: "ही हलकी गोळी मोकळ्या माळावरच्या, पातळ कातडीच्या हरणांसाठी आहे. जाड हाडाच्या जनावरांवर, विशेषतः जवळून, तिची शिफारस करत नाही; आत शिरण्याआधीच तिचे तुकडे होऊ शकतात. त्यांच्यासाठी ह्याच काडतुसाची जड गोळी वापरावी." एवढंच होतं. तुम्ही जड गोळी मागवली असतीत, महिनाभर थांबला असतात, आणि वादही जिंकला असतात.

मी वर लिहिलं की दोन-तीन शब्द मला येत नव्हते. ते खरं आहे. पण "शिफारस नाही" हे इंग्रजीत सिस्टर आम्हाला रोज ऐकवायच्या, खिडकीत उभं राहण्यापासून ते केसात फुलं माळण्यापर्यंत. ते शब्द मला येत होते. कशाची शिफारस नाही हे कळलं नव्हतं, पण काहीतरी करू नका असं लिहिलं आहे, एवढं मला त्या पाटावर बसून कळलं होतं.

काल मी डिलाईल रोडला गेले होते. पर्समध्ये पान होतं. लिफ्टपाशी काकांची नात भेटली, म्हणाली, "मावशी, वर येताय ना?" मी म्हणाले, "नाही गं, इथे बाजूला काम होतं." आणि परत आले. म्हणून आता माझ्यावर भरवसा न ठेवता लिहून ठेवते, आणि ह्याची एक प्रत माझ्या मुलीसाठी वेगळी काढते. मी स्वतः पंधरा दिवसांत काकांच्या मुलीकडे गेले नाही तर तिने जावं. तुमची मोजपट्टी आणि गोळीची जाडी मोजायची तुमची पितळी कॅलिपर माझ्या नातवाला द्यावी, तो माटुंग्याला इंजिनियरिंग शिकतो आहे, त्याच्या उपयोगाची आहे. आईची विळी माझ्या सुनेला. कॅटलॉगचं पान आणि त्या चार ओळींचं मराठी काकांच्या मुलीला, हातात, पोस्टाने नव्हे. आणि तिने ते नातीसमोर मोठ्याने वाचावं अशी माझी विनंती कळवावी. हे पत्र मात्र माझ्या मुलीने पुढे कोणालाच देऊ नये. पानाबरोबर मी एक चिठ्ठी जोडली आहे. तिच्यात "मी" हा शब्द सात वेळा आला आहे, आणि तुमचा उल्लेख एकदाही नाही.